दगडी घराचे सांधे

“मॅम, हे घर कुठलं? नाही, म्हणजे खरं कुठलं?”

प्रश्न वल्लरीनं इंग्रजीत विचारला, पण पैज लावली होती रुही आणि अक्षतनं. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी शाळेतली ही तिघं टाळकी. दुकानात, बसमध्ये, अगदी डेंटिस्टच्या खुर्चीतसुद्धा कुणीतरी त्यांना हे विचारायचंच. मॉरिसव्हिल म्हटलं की समोरचा म्हणायचा, ते झालं, पण खरं कुठलं? आज शाळेची सहल जुन्या शेतघरांच्या संग्रहालयात आली, तेव्हा रुही म्हणाली होती, “आता विचारणाऱ्यांच्याच घराला विचार यार. हिंमत असेल तर.”

गाइड मिसेस हार्लन रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला.

“इंग्लंडचं. तिकडे पाडायलाच निघाले होते. मग एकेका दगडावर नंबर घातला, घर उतरवलं, जहाजातून आणलं आणि इथे पुन्हा रचलं.”

घर बुटकं, लांबलचक. भिंती हातभर जाड, छप्परसुद्धा दगडी पाट्यांचं. खिडक्या बाहेरून टीचभर, आत येता येता रुंदावलेल्या. मधून एक बोळ; अलीकडे माणसं राहायची, पलीकडे गाई.

“गाईंची ऊब फुकट,” सहलीला सोबत आलेले वल्लरीचे बाबा म्हणाले. अक्षत भिंतीतल्या चुलीत शिरून सरळ उभा राहिला, इतकी ती मोठी.

तेवढ्यात आई वल्लरीच्या कानाशी आली. “सुनेत्राकाकूंचा मेसेज आलाय. गणपतीच्या कार्यक्रमातल्या तुझ्या निवेदनाचं काय सांगू? हिमानीला देऊ का विचारतायत. आजच कळवायचंय.”

“नॉट नाऊ, आई.”

गेल्या रविवारी तालमीत ‘बाळगोपाळ’ म्हणताना वल्लरीची जीभ अडखळली, अख्खा हॉल हसला आणि त्या दिवसापासून ती मराठीत एक शब्द बोलली नव्हती. निवेदन मात्र तिनं स्वतः हट्टानं मागून घेतलं होतं.

“म्हणजे घर इंग्लिशच,” अक्षत चुलीतून म्हणाला.

“दगड इंग्लिश,” मिसेस हार्लन म्हणाल्या. “पण नुसते दगड उभे राहत नाहीत. जुना चुना तिकडेच गळून गेला. सांध्यांत भरला तो इथला चुना, इथली वाळू. बघ.”

वल्लरी जवळ गेली. करड्या दगडांच्या मधून तांबूस रेघा धावत होत्या. इथल्या मातीचाच रंग, पावसाळी दिवशी फुटबॉल खेळून आलं की मोज्यांना लागतो तो.

“हे वेगळं दिसतं,” ती म्हणाली.

“दिसतंच. आधी करड्या रंगानं झाकायचं ठरलं होतं. मग म्हणाले, कशाला? दिसू दे.”

वल्लरीनं एका सांध्यात बोट घातलं आणि कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं. कुठे रुंद, कुठे बारीक, पण रेघ कुठेच तुटली नव्हती.

“मग आता कुठलं म्हणायचं याला?”

“मी दर शनिवारी सांगते, इथलंच,” मिसेस हार्लन हसल्या. “अजून तरी घरानं नाही म्हटलेलं नाही.”

रुहीनं कोपरानं ढोसलं. “पैज जिंकलीस. आइस्क्रीम माझ्याकडून.” पण वल्लरी दाराबाहेर पोचलीसुद्धा होती.

अंगणात आईनं सतरंजी पसरली होती. बाबा डबे उघडत होते. ती धावतच आली आणि बसायच्या आधी बोलली, मराठीत.

“आई, काकूंना कळव. निवेदन मीच करणार.”

आईचा हात फोनवर थांबला. “नक्की ना गं?”

“आणि पुन्हा हसले तर?” बाबांनी विचारलं.

“हसू देत,” वल्लरी म्हणाली. “त्यांचं हसून झालं की मी पुढचं वाक्य म्हणेन.”