पुन्हा पेट्रोलवर

"पंधरा दिवस थांबा साहेब," मिस्त्री म्हणाला. "नवी टाकी मागवतो. वहिनींना पेट्रोलचा वास सोसत नाही."

निवृत्त सर्व्हेअर आपल्या जुन्या जीपच्या मागे उभे होते. तिच्यातल्या गॅसच्या टाकीची तपासणीची मुदत संपली होती आणि सकाळी पंपावरच्या माणसाने नळी हातात धरूनच गॅस भरायला नकार दिला होता. आता एक तर नवी टाकी येईपर्यंत जीप इथेच ठेवायची, नाहीतर गॅसचं सगळं लटांबर काढून तिला पुन्हा पेट्रोलवर आणायची. दुसरं काम दुपारपर्यंत उरकण्यासारखं होतं.

"काढून टाक," ते म्हणाले. "ती आता कुठे बसणार आहे गाडीत."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण पहिल्यांदाच तोंडातून बाहेर काढलं. मिस्त्रीने पान्हा उचलला आणि मान खाली घालून तो कामाला लागला.

ही टाकी अकरा वर्षांपूर्वी त्यानेच बसवली होती. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच, आणि सर्व्हेअरांच्या बायकोचं नाक असं की पेट्रोल शेजारच्या घरात सांडलं तरी पोट हिचं ढवळायचं. वळणावळणाला गाडी थांबवून तिला उतरावं लागे. शेवटी तिने जाहीर केलं, जीप ठेवा नाहीतर मला ठेवा. सर्व्हेअरांनी दोघींना ठेवलं. गॅसवर जीपचा जोर गेला. ऑफिसातले म्हणायचे, साहेबांनी वाघाला गवत घातलंय. पण बायको शेजारी बसू लागली, डोंगरातल्या मोजणीलाही बरोबर येऊ लागली. चढ आला की ती अंग पुढे झोकून बसायची, जशी काही गाडी तिच्याच जोरावर वर जाणार होती.

मिस्त्रीने पट्टे सोडवून टाकी उतरवली. इंजिनाजवळची जोडणी काढली, कार्बोरेटर धुतला, सीटखालच्या टाकीतला गंज खळबळून ओतला, नवा पाइप घातला. मग पेट्रोल भरून चोक ओढला. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. आवाज असा भरदार आला की सर्व्हेअरांना क्षणभर आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं होतं. घरी न्या म्हणाले, आता औषधांनी त्रासच वाढेल. बायकोला त्यांनी सांगितलं की महिनाभर विश्रांती, मग पुढचा डोस. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं, जरा जास्तच मन लावून सांगितलं. रिपोर्ट नकाशांच्या गुंडाळीत दडवला. मुलीला फोन करायचा तर गच्चीवर जाऊन करू लागले. कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातल्या एका तारखेला लाल गोल केला. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी बिनचूक आखलेला माणूस, त्याने याही कामात कुठे फट ठेवली नव्हती. फक्त जीपचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

घरी येऊन त्यांनी ती नेहमीसारखी खिडकीखाली लावली. हात साबणाने धुतले, औषधाची पिशवी घेऊन ते खोलीत आले. बायको डोळे मिटून पडली होती. उशीशेजारी बसून ते सांगू लागले की पुढच्या डोसला मुलगीही येणार आहे, या वेळी हॉस्पिटलात खोलीही चांगली मिळेल.

"पेट्रोलवर केलीत?" तिने डोळे न उघडता विचारलं.

मग सर्व्हेअरांना सगळं सांगणं भाग पडलं. टाकीची मुदत, पंपावरचा माणूस, नियम. नवी टाकी यायला पंधरा दिवस लागले असते, तेवढे दिवस गाडीवाचून कसं चालणार. ते भराभर बोलत होते. बोलता बोलता त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं आणि ते थांबले.

तिने आता डोळे उघडले होते.

"मला महिन्याने न्यायचंय ना?" ती म्हणाली. "मग तोवर नवी टाकी आली असती."

वास खिडकीतून सरळ आत येत होता. सर्व्हेअर खिडकी लावायला उठले, तर तिने त्यांचा शर्ट धरला. धरायला फारसा जोर नव्हता, पण ते बसले. त्यांना म्हणायचं होतं की चुकलं, आत्ता जातो, आत्ता परत बसवून आणतो. त्याऐवजी त्यांना रडू फुटलं. तिने त्यांना रडू दिलं. तिचा हात त्यांच्या डोक्यावर होता, आणि मधेच एकदा तिला कोरडी उबळ आली तेव्हाही तिने तो काढला नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पोरीला खरं सांगितलंत?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"मग तिला आजच बोलावून घ्या," ती म्हणाली. "आणि फोन इथेच बसून करा. गच्चीवर ऊन फार असतं."