रेषेच्या अलीकडे

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नव्या औषधाची चाचणी चालू होती. कुणाला नवं, कुणाला जुनं, हे चिठ्ठी ठरवायची. संख्याशास्त्रज्ञ आइलानं सकाळी दोन्ही गटांतलं मृत्यूंचं प्रमाण ताडून पाहिलं. नवं औषध मिळालेली बाळं जास्त दगावली होती, पण तो योगायोगही असू शकत होता. फरकानं ठरलेली रेषा ओलांडली नव्हती, म्हणून देखरेख समितीनं चाचणी थांबवली नाही. बाहेर अवाक्षर काढायला बंदी होती. दुपारी औलूच्या इस्पितळातून, दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, तू विणलेली टोपी पिल्लाला हनुवटीपर्यंत येतेय! नव्या औषधाच्या चाचणीत घालायचं का विचारतायत. पिल्लाचा बाबा मिक्को म्हणतो, आकडेवालीला विचार, कधीतरी उपयोगी पडू दे.” आइलानं ओठांवर आलेलं ‘नको’ गिळलं. “तुझं तू ठरव.” “म्हणजे धोका नाही. असता तर तू गप्प बसली असतीस होय? करते सही.”