निवेपर्यंत

"तापला बघा पुन्हा!" काकू म्हणाल्या आणि स्वरातला आनंद त्यांनी खोकल्याआड दडवला.

ओव्हनच्या कपाळावर लाल अक्षरे लुकलुकत होती. उष्णता मर्यादेबाहेर गेली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. आत काकांचा पाव अर्धवट फुगून, तप भंगलेल्या तापसासारखा खिन्न बसला होता. दुरुस्तीवाली मुलगी ओट्यापुढे बसकण मारून स्क्रू सोडवू लागली. तिला बोलावणे धाडले होते ते काकूंनीच. यंत्र कामातून गेले, एवढे एकच वाक्य त्यांना तिच्या तोंडून ऐकायचे होते.

काकांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या सहवासात गेला होता. नुसत्या आवाजावरून ते पंपाची व्याधी ओळखत. निवृत्त झाले, आणि त्यांनी हा ओव्हन आणून नित्य पाव भाजण्याचे व्रत घेतले. एका म्यानात दोन तलवारी कशा राहाव्यात? काकूंनी स्वयंपाकघराचे राज्य सोडले आणि दुपारचे बस्तान शेजारणीकडे हलवले. विणकाम तिथे, गप्पा तिथे. मात्र पाव झाल्याची घंटा भिंतीपलीकडून कानी पडताच त्या सुया टाकून उठत, तडक घरी येत आणि ओव्हनचे भिंतीवरचे बटण खटकन बंद करत. नवऱ्याचा विसराळूपणा त्या ओळखून होत्या. वीज काय वाऱ्यावर सोडायची?

आल्यासारखे मग पावाचा तुकडा तोंडात टाकत आणि निकाल देत. "मीठ काय शेजारी दिलंत?" किंवा, "दाराला अडसर म्हणून झकास आहे." काका हसत, बाजू मांडत, हार मानत. वादावादीत चहा होई. ओव्हन निवेपर्यंत काकूही निवत, आणि सुयांची आठवण होताच पुन्हा शेजारी जात.

आता तो ओव्हन भंगारात जाणार होता. काका आरामखुर्चीत बसणार होते. स्वयंपाकघर पुनश्च काकूंचे होणार होते. या विचाराने त्यांना हर्ष व्हायला हवा होता. झालाही, पण बेताचाच.

नवल काकांचे वाटत होते. हत्तीएवढे पंप उघडणाऱ्या या माणसाने बिघाड झाल्यापासून ओव्हनचे दार तेवढे फडक्याने पुसले होते आणि, "वय झालं असेल त्याचं," असे म्हणून सुस्कारा टाकला होता. ओव्हन तर कालपरवाचा.

"काकू, ह्याच्या आतला वरचा पंखा फिरतो ना?" मुलीने आत डोके घालूनच विचारले.

"फिरतो म्हणजे? पाव झाला तरी घूं घूं चालूच. मी आहे म्हणून बरं. येते आणि बटण बंद करते."

मुलीचे डोके बाहेर आले. "लगेच बंद करता?"

"लगेच! घंटा वाजली की धावत येते. विचार शेजारणीला."

"अहो काकू," मुलगी कळवळून म्हणाली, "पाव झाल्यावरच तर त्या पंख्याचं खरं काम सुरू होतं. आतली धग त्यानं बाहेर टाकायची असते. तुम्ही मधेच त्याचा गळा दाबता. मग ती धग वर चढते आणि हा बिचारा रोज भाजतो." तिने तळहातावर एक काळवंडलेला, नखाएवढा भाग धरला. "हा बदलला की झालं. यंत्राला काही धाड भरलेली नाही. बटण तेवढं चालू राहू द्या. त्याचं तो निवतो."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. यंत्राला जरा धक्का लागला तर ज्याचे अन्न गोड लागत नसे, त्या माणसाच्या यंत्राची मारेकरीण त्याच्याच घरात निघाली होती. आता हे जन्मभर ऐकावे लागणार. काका मात्र पावाचा साचा पुसत होते. तो केव्हाच लख्ख झाला होता.

चढाई करावी म्हणजे बचाव होतो, हे काकूंना अवगत होते. "मग कुणी सांगायचं होतं की!" त्या मुलीवर कडाडल्या. "आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

"सांगितलं होतं ना! बसवायला मीच आले होते. तुम्ही शेजारी गेला होतात. काकांनी दोनदा विचारून घेतलं. उलट पंखा का लागतो, ते शेवटी त्यांनीच मला समजावलं."

काकू हळूहळू वळल्या.

"अहो. ठाऊक होतं तुम्हाला?"

काकांनी मान डोलावली.

"डोळ्यांदेखत मी रोज त्याचा जीव घेत होते, आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात? एका शब्दानं सांगता नाही आलं?"

काकांनी साचा ओट्यावर ठेवला.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू आली असतीस का?"