अमानचा अर्धा वाटा

ताजबीनं चहाचा कप पुढे केला, पण निकिताचा हात काही पुढे होईना.

"घे ना बेटी. मोठी झाली म्हणून आमच्या घरचा चहा बंद का?" ताजबी हसत म्हणाली. धरणीमायनं पोटात घेतलं तर बरं, असं निकिताला झालं.

समोर ताजबीचा मुलगा अमान कुणाच्या तरी मोबाईलची काच बदलत बसला होता. शिरपूर जैनमध्ये घराच्या ओसरीतच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. गेल्या वर्षापर्यंत रिसोडच्या कंपनीत तो निकितासोबत निम्म्याचा मालक होता.

कंपनीचा माल म्हणजे मोबाईलमधलं एक ॲप. सोयाबीनवर कॅमेरा धरला की माल वाळलेला की ओला, ते निकिताच्याच आवाजात बोलून सांगायचं. त्याला शिकवायला ढिगानं फोटो लागले आणि ते सगळे अमाननं काढले. दोन हंगाम तो उन्हातान्हात हिंडला. वाळलेला माल बाजार समितीत पोत्यांवर ओतलेला मिळायचा. ओल्यासाठी मात्र शेतोशेती जावं लागे, लोकांनी ताडपत्रीवर वाळत घातलेला शोधत. निकिता तेव्हा पंख्याखाली बसून ते फोटो कॉम्प्युटरला चारत होती.

मग मुंबईहून निरोप आला, की सरकार कंपनीत भागीदार व्हायला तयार आहे. निकितानं तो स्वतःपाशीच ठेवला. अमानला म्हणाली, कंपनी बुडाली, वाटा सोडल्याची सही करून मोकळा हो. त्यानं कागद न वाचता सही केली. लगेच सरकारनं एक्कावन्न टक्के वाटा घेतला. पेपरात फोटो आला, हारतुरे झाले. सरकार भागीदार म्हणजे घरात बडा जावई आल्यासारखंच, सगळ्या गावात मान वाढतो. पण खाई त्याला खवखवे. तेव्हापासून निकिताला अन्न गोड लागत नव्हतं.

"अमान, म्या तुले फसवलं," ती एकदाची म्हणाली. "सरकार येणार हे मले ठाऊक होतं."

"पेपर पाह्यला तवाच समजलं." त्यानं मान वर केली नाही. "जाऊ दे."

"कसं जाऊ देऊ? माझ्या वाट्यातला अर्धा तुह्या नावानं कराले आली मी. सोमवारपासून जिल्ह्यातल्या साऱ्या बाजार समित्यांत आपलं ॲप लागून राह्यलं. ते ओला म्हणंल तो माल दारातूनच वापस जाईन. सरकारनं तसा नियमच केला. एवढ्या मोठ्या कामात तुहं नाव पाह्यजे."

"नको मले."

"काहून? राग असंल तर शिव्या दे, पण नाही म्हणू नको."

"राग नाही."

"राग नाही कसा?" ताजबी मध्येच बोलली. "तुझं नाव निघालं का ताटावरून उठून जाते हा. रातभर कुशी बदलते."

निकिताचे डोळे भरून आले. आपण एका भल्या माणसाच्या घासात माती कालवली, याहून वाईट काय करायचं राहिलं, असं तिला वाटलं.

अमाननं हातातला पेचकस खाली ठेवला. निकिताचा मोबाईल मागून घेतला, त्यातलं ॲप उघडलं आणि अंगणात गेला. कोपऱ्यातली निळी ताडपत्री त्यानं उलगडली, दोन्ही हातांनी झटकली आणि उन्हात पसरली. मग तिच्यावर कॅमेरा धरला.

"माल ओला आहे," निकिताच्या आवाजात मोबाईल म्हणाला.

ताडपत्रीवर एक दाणाही नव्हता.

ओल्या मालाचा प्रत्येक फोटो ताडपत्रीवरचाच होता, हे निकिताला आत्ता आठवलं; ॲप दाणे नव्हे, ताडपत्रीच ओळखायला शिकलं होतं. सोमवारी रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"तुले हे कधी कळलं?" तिनं विचारलं.

अमाननं मोबाईल तिच्या हातात दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"सही करायच्या आदल्या दिवशी."