तिसऱ्यांदा आलेला प्रश्न

"आमचं घर कधी बुडणार?"

केतकीने एका दमात विचारून टाकलं. टेकडीवरच्या वसाहतीतून मैत्रिणी फोनवर ओरडल्या, "विचारलंस! आम्हाला वाटलं, टरकणार तू!" तेवढ्यात त्यांच्या शाळेची घंटा झाली आणि फोन बंद झाला.

खाडीच्या बांधावर, पूर कधी येणार ते सांगणाऱ्या बोलक्या पूरखांबासमोर, केतकी एकटीच भिजत राहिली. जानेवारीतला अवकाळी पाऊस आठवडाभर धो धो कोसळत होता. वेळशेत गावात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे, कारण खांब कधी चुकत नसे. ज्या बावीस घरांनी विचारलं, ती टेकडीवर गेली. मैत्रिणीही त्यांच्यातच गेल्या. खाली मुलगी अशी आता तीच एक.

"पौष अमावास्येला, दुपारच्या भरतीला," खांब म्हणाला. "अकरा दिवस आहेत. तुमच्या घरातून हा प्रश्न तिसऱ्यांदा आलाय."

"तिसऱ्यांदा?"

"दिवाळीत आईने विचारला. चार दिवसांनी बाबांनी. दोघंही एकेकटे आले होते."

दिवाळीनंतरच तर बाबांनी नवी कौलं घातली होती, आणि "आता वीस वर्षं चिंता नाही," म्हणत आईने दारात अबोली लावली होती. सगळं कळूनही एकमेकांना बरं वाटावं म्हणून!

ती धावतच घरी आली. दोघं चुलीपाशी बसले होते.

"आई, बाबा, मी खांबाला विचारून आले. तुम्हीही विचारलंयत, दोघांनीही. आपण उद्या सकाळी टेकडीवर जातोय, तिघंही. भांडी मी बांधायला घेते."