आई कोणाच्या नावावर

"मग, या वेळी आई कोणाच्या नावावर?" प्रुइट सरांनी सवयीने विचारलं आणि फॉर्म पुढे ओढला.

मार्चमधला शनिवार. टोलेडो या अमेरिकी शहरातल्या एका चर्चच्या तळघरात प्रुइट सर दर वर्षी ओळखीपाळखीच्यांचे आयकराचे फॉर्म फुकट भरून देत. व्हर्ना, ओडेल आणि कोरिन या भावंडांना शाळेत गणितही त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे साठी आली तरी तिघं त्यांच्यासमोर ताठ बसत.

आईचा खर्च तिघं मिळून करत. पण करात सवलत घ्यायला, आपल्यावर अवलंबून म्हणून तिचं नाव फॉर्मवर एकालाच लावता येई. बाकीच्या दोघांनी आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं. म्हणून पाळी ठरलेली. आईला या पाळीचं भारी कौतुक. एक जानेवारीला ती ईस्टरला चर्चमध्ये घालायच्या टोपीचा गोल डबा घेऊन ज्याची पाळी त्याच्या घरी जायची, डबा कपाटावर ठेवायची, जेवायची आणि आपल्या घरी परतायची. टोपी वर्षभर तिथेच. ईस्टरला चर्चला निघायचं ते त्याच घरून, जेवणही त्याच घरी. एकदा व्हर्ना आणि कोरिन, दोघींनीही तिचं नाव लावलं. सरकारची पत्रं आली. मुलींची गाळण उडाली. आईने मात्र ती पत्रं चर्चभर मिरवली, "बघा, माझ्यावरून भांडणं लागलीत!"

किती हसली होती ती तेव्हा.

ओडेलच्या वाट्याला ती कधी आलीच नाही. तो मोठ्या सरोवरांवरच्या मालवाहू जहाजांवर, आणि हिवाळ्याचा बर्फ वितळून जहाजं नेमकी ईस्टरच्या तोंडावर सुटायची. त्याची पाळी आपसूक बहिणींकडे जायची. अखेर तो निवृत्त झाला. गेल्या वर्षी एक जानेवारीला आई डबा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. "अठरा वर्षं वाट बघायला लावलीस, बेट्या," म्हणाली. ओडेलला शाळेतून घरी आल्यासारखं वाटलं होतं.

नऊ तारखेला ती गेली. आता समोर होता तो त्याच वर्षाचा फॉर्म.

"पाळी माझी होती," ओडेल म्हणाला.

"नऊ दिवसांची कसली रे पाळी?" व्हर्ना म्हणाली. "तिचं दुखणंखुपणं सगळं कोरिननं काढलं. हे शेवटचंच नाव. तिला लावू दे."

"ताई, तुम्ही दोघींनी तिला अठरा वर्षं वाटून घेतलंत. मला नऊ दिवस मिळाले. तेवढे तरी राहू देत."

कोरिन मान खाली घालून बसली होती. सरांनी चष्मा काढून पुसला.

"नऊ दिवस नव्हेत," ते म्हणाले. "माणूस वर्षात कधीही जावो, फॉर्मवर त्याचं पूर्ण वर्ष धरतात. एक जानेवारीला होती ना ती?"

"माझ्याकडे जेवली," ओडेल म्हणाला.

"मग बारा महिने."

कोरिनने पेन घेतलं आणि सही केली. व्हर्नाने बराच वेळ कागद वाचल्यासारखं केलं, मग तिनेही केली.

"वर्ष तुझं, तर ईस्टरचं जेवणही तुझ्याकडे," ती म्हणाली. "गेल्या ईस्टरला कुणाच्याच घरी काही शिजलं नाही. ते राहिलंय."

"मला हॅम जमत नाही गं."

"शिकशील. लवंगा कमी टोच, आईला फार चालत नाहीत." व्हर्नाने डोळे पुसले आणि पुन्हा थोरली बहीण झाली. "आणि तो डबा खाली काढ आधी. वर्षभराची धूळ बसली असेल त्याच्यावर."

"नाही बसली," ओडेल म्हणाला. "रोज पुसतो."