रक्त कुठलं?

रक्त येईना.

डॉक्टर केळुसकरांनी आनंदीच्या वरच्या हिरडीवर बोट दाबलं, थोडं बाजूला दाबलं, आरसा घालून पाहिलं. हिरडी सुजलेली होती, जांभळट पडली होती. पण रक्ताचा टिपूस नाही. एरवी थुंकलं की लाल, सकाळी उशीवर लाल. आणि यायला हवं त्याच दिवशी नेमकं गडप.

"बघल्यात, डॉक्टरानू?" खुर्चीमागून तिच्या सासूबाई, हौसाबाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर दहा महिन्यांची नात होती, दुर्गा. "दातात काय एक नाय. रगात छातीतसूनच येता."

छातीतून, म्हणजे क्षय. हौसाबाईंनी तो शब्द घरात कधी उच्चारला नव्हता. पण आनंदीचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, आणि शेवटी दूध तोडून बाळ सासूच्या अंथरुणात गेलं. नवरा मुंबईला, घरात शब्द चालायचा सासूचा. शिमग्यापासून, म्हणजे गेले तीन महिने, आनंदीने लेकीला हात लावला नव्हता. आज मिठबावहून निघताना सासूने तिचं बोचकंही बरोबर घेतलं होतं. रक्त दातांचं नाही असं ठरलं, तर देवगडच्या स्टँडवरूनच तिने कसालला माहेरी जायचं. एकटीने.

"छातीचा फोटो स्वच्छ आहे," केळुसकर म्हणाले. "थुंकीही तपासलीय. ताप नाही, खोकला नाही."

"माझ्या थोरल्या झिलाकय आधी खोकलो नाय होतो. थुकीत रगात दिसला, आनि वरसाच्या आत गेलो." थोरला मुलगा असा गमावलेल्या हौसाबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं. "फोटो बरो इलो म्हणान हिचा रगात थांबला काय?"

तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला आणि आनंदीच्या तोंडात अंधार झाला. डॉक्टरांनी टेबलावरची बॅटरी उचलून हौसाबाईंच्या हातात दिली.

"धरा. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

हौसाबाई पुढे आल्या. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात बॅटरी. आनंदीने हात उचलला असता, तर दुर्गाचा पाय सहज हाती लागला असता. तिने खुर्चीचे दांडे आवळून धरले.

"सकाळी तोंडात काय घेतलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुरटीची गुळणी केलंय. तोंडाक वास मारता. तुमका किळस येयत म्हणान."

शेजारणीकडे जातानासुद्धा बाई तोंड धुऊन जाते. दातांच्या डॉक्टरकडे घाण तोंडाने कशी जाणार? तुरटीने हिरड्या आवळल्या होत्या आणि आनंदीच्याच चांगुलपणाने तिचा घात करायचं ठरवलं होतं.

"आणि दात घासायचंही सोडलंत ना?"

"घासूक गेलंय काय रगात येता."

"म्हणून घासत नाही. आणि घासत नाही म्हणून जास्त येतं." केळुसकर वैतागले. त्यांनी बारीक, बोथट टोकाची सळई घेतली. "दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घालतोय. दुखेल."

"दुखांदे. आजून खोल घाला."

इतके दिवस तिने गावच्या देवीला एकच गाऱ्हाणं घातलं होतं, माझं रक्त थांबव. आता डोळे मिटून ती उलटंच मागत होती.

सळई आत गेली. आनंदीच्या डोळ्यांतून पाणी आलं. सळई बाहेर आली. कोरडीच. बॅटरीचा उजेड हलला.

केळुसकरांनी आरसा खालच्या पुढच्या दातांच्या मागे धरला. तिथे खडकाला कालवं चिकटावीत तसं किटण बसलं होतं. त्याच्या खाली त्यांनी सळई घातली आणि हळूच ओढली. आधी एक लाल ठिपका आला. मग रेघ. मग दातांच्या मुळांवरून रक्त ओघळलं.

"माये, बघ!" केळुसकर एकदम गावच्या बोलीवर आले. "रगात हयसून येता. छातीतसून नाय."

हौसाबाई वाकल्या. डॉक्टरांनी कापसाने टिपलं, पुन्हा भरलं.

"आजून एकदा," त्या म्हणाल्या.

शेजारच्या दाताशीही आलं.

"हिरड्यांचा रोग आहे हा. पायरिया. गरोदरपणात हिरड्या सुजल्या असणार, त्यात हे किटण साचलं. ते मी खरवडून काढणार, त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागेल. घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, आणि दात घासायचे. रक्त आलं तरी घासायचे."

"आनि उद्या थुकीत दिसला तर?" हौसाबाईंनी विचारलं.

"दिसेल. काही दिवस दिसेलच. पण ते कुठलं, हे आता तुम्ही पाहिलंय."

हौसाबाईंनी बॅटरी विझवून टेबलावर ठेवली. मग कडेवरचं बाळ उतरवून त्यांनी आनंदीच्या मांडीवर दिलं.

आनंदीच्या तोंडात कापूस होता. तिला बोलता येईना. तिने लेकीला पोटाशी ओढलं, आणि हिरडी ठणकते आहे हेही ती विसरून गेली, इतकं तिला सुख झालं.

दुर्गाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ काढला. आणि किंकाळी फोडली. पाठ ताठ करून ती मागे वळली, दोन्ही हात आजीकडे. आनंदीने आणखी जवळ घेतलं तशी ती आणखी किंचाळली. आनंदीने डॉक्टरांकडे पाहिलं. ते सळया पुसत होते.

हौसाबाईंचे हात आपसूक पुढे आले. बाळाची बोटं त्यांच्या बांगड्यांना लागलीसुद्धा. तेवढ्यात त्यांनी हात मागे घेतले.

"रडांदे," त्या सुनेला म्हणाल्या. "थोड्या वेळान रवात गप."

आणि त्या बाहेर ओट्यावर जाऊन, बाळाला दिसणार नाही अशा, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतलं रडणं चढत गेलं. हौसाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण त्या आत गेल्या नाहीत.